पंचायतीचा लोबान

कोसमटोल्याचा बाजार गुरुवारी भरतो. आणि गुरुवारच्या संध्याकाळी त्या बाजारात मदार शहांचा धूर फिरला नाही, असं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

सावली गावाकडून वैनगंगेच्या अंगाला उतरताना डाव्या हाताला मोहाचं एक म्हातारं झाड लागतं. मोहाखाली झाडशा बाबांची मजार, मजारीला चिकटून मदार शहांची एक खोली, आणि खोलीच्या उंबऱ्यावर पितळेचं धुपदान. दिवस कलला की मदार शहा त्यात निखारे घालायचे, वर लोबानाची चिमूट सोडायचे आणि हिरवा चोगा सावरत सगळ्या बाजाराला एक फेरी मारायचे. धूर असा की एकदा एक मारकी म्हैस त्यात शिरली, ती पलीकडे निघाली तेव्हा लाथ मारायचं कायमचं विसरली होती. मालक पुढं तिच्याजवळ पोरांना झोपवून शेतावर जायचा. वाघाचं तर काय सांगावं! जंगलातला वाघ दर गुरुवारी नाल्यापलीकडं येऊन बसायचा, धूर नाकात घ्यायचा, दोनदा शिंकायचा आणि कोणाच्या बकरीकडं न बघता माघारी जायचा. हे डोळ्यानं पाहिलेली माणसं गावात पुष्कळ आहेत. फक्त ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगतो.

पण धुराची खरी गंमत वाघात नव्हती. गंमत अशी की फेरीत धुपदान धरणाऱ्यानं बोलायचं नाही, असा रिवाज होता. मदार शहा एकेका दुकानापुढं थांबायचे. दुकानदार पुढं वाकायचा, दोन्ही तळव्यांनी धूर तोंडावर घ्यायचा आणि मनातलं जे असेल ते हळूच त्या धुरात बोलायचा. कोणाला पोरीसाठी स्थळ हवं असायचं, कोणाला भावाशी तुटलेलं बोलणं जुळवून हवं असायचं. मदार शहा मान हलवायचे आणि पुढं सरकायचे. बाजारात बसणारे बहुतेक शेतकरी, ढिवर, माळी. मजारीवर त्यातले निम्मे कधी चढले नसतील, पण धुराला कोणी नाही म्हणत नव्हतं.

गौसिया ही मदार शहांची मुलगी. लग्न होऊन बल्लारपूरला गेली होती, नवरा वारला तशी बापाकडं परत आली. आता चाळिशीला टेकली होती. मोहाखाली शिलाई मशीन मांडून ब्लाउज शिवायची, घरात हिंदी बोलायची, बाजारात अस्सल झाडीबोली. लोबानात सालईचा डिंक किती मिसळायचा, हे तीच ठरवायची. निखारे तीच फुलवायची. आणि फेरीला बाप निघाला की उंबऱ्यावरून पाहत राहायची. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया तिच्याशी गळ्याबद्दल बोलायच्या, बाह्यांबद्दल बोलायच्या. धुरात माणसं जसं बोलतात तसं तिच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. लहानपणापासून तिला एकच हौस होती, ते धुपदान एकदा आपल्या हातात यावं.

ते आलं, पण वाकड्या वाटेनं. पोळा झाल्यावर मदार शहा धानाच्या बांधावरून घसरले आणि पायाचं हाड मोडून बसले. पुढच्या गुरुवारी गौसियानं निखारे भरले, डोक्यावर ओढणी घट्ट घेतली आणि धुपदान उचलून निघाली. मशिदीच्या कोपऱ्यापर्यंतच गेली. तिथं दोघं उभे होते.

एक रज्जाक सेठ. धानगिरणीचे मालक आणि गावातल्या मूठभर मुसलमान घरांच्या जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष. दुसरा तौसीफ, जमातीचा सेक्रेटरी. चंद्रपुरात शिकून आलेला, गावोगावी सोलर पंप बसवणारा, आणि शुक्रवारी पोरींना मशिदीच्या ओसरीत गणित शिकवणारा.

"गौसिया, हे काय करून राह्यली तू?" सेठनं विचारलं.

"फेरी मारून राह्यली, सेठ. अब्बांचा पाय बांधला आहे."

"फेरीले कोन नाई म्हनते? पन बाईच्या हातात धुपदान? तौबा! आजपर्यंत झालं काय असं?"

"आजपर्यंत अब्बा पडले नोव्हते."

तौसीफ मधे पडला. "सेठ, बाईचा प्रश्नच नाई इथी. बाईनं काम केलंच पाह्यजे. आपा, तुमी कापडाचं दुकान टाका, मी सावलीले येतो तुमच्यासंगं, बँकेत बोलतो. पन हा धूर? घरात खुशबू करा, मस्जिदमध्ये करा, चांगली गोष्ट आहे. पन धुराजवळ मुरादी मागनं हे आपल्या दीनमध्ये, धरमात, कुठी आहे? हे बंदच झालं पाह्यजे."

गौसियानं एकदा याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. "म्हंजे सेठचं म्हननं, धूर चांगला पन हात वाईट. अन् तुयं म्हननं, हात चांगला पन धूर वाईट."

"बराबर!" दोघं एकदम म्हणाले, आणि आपलं एकमत झालं या विचारानं दोघंही ओशाळले.

निखारे तिथंच राख झाले. जमात बसली आणि ठरलं असं : सध्या फेरी बंद. मदार शहांचा मुलगा शरीफ बुटीबोरीला असतो, त्यानं उर्सापर्यंत येऊन धुपदान हातात घेतलं तर ठीक. नाही आला तर मजार सांभाळायला ब्रह्मपुरीहून दुसरा मुजावर आणायचा आणि मजारीची खोली त्याला द्यायची.

शरीफ बुटीबोरीत फ्रीज दुरुस्त करायचा. फोनवर तो म्हणाला, "अब्बा, मुझे तो अगरबत्ती से भी छींक आती है."

म्हणजे धुपदानासोबत आता डोक्यावरचं छप्परही जाणार. मदार शहा खाटेवर पडल्या पडल्या मोहाची पानं पाहत राहिले. गौसियानं मात्र एक शब्द काढला नाही. ती गप्प बसली की काहीतरी शिजतं हे तिच्या बापाला माहीत होतं, पण पाय खाटेला बांधलेला माणूस किती विचारणार?

धूर थांबला आणि डास आले. आले म्हणजे कसे? आधी एकेक यायचे, आता बारातीसारखे आले. इसरू गोवाऱ्याच्या बकरीचं दावं त्यांनी सोडलं आणि तिला नाल्यापर्यंत ओढत नेलं म्हणतात. तिथं वाघ दिसला म्हणून सोडून पळाले. मच्छरदाणी लावली तर बाहेरून गाठ मारायचे, की आतला बाहेर येऊ नये. बाजारात सुगंधाबाईच्या भज्यांच्या कढईभोवती माणसं उभी राहीनात. सुगंधाबाईचा आवाज असा की तिनं कोसमटोल्यात भजे काढले तर चामोर्शीत माणसाला भूक लागावी. तिनं गौसियाला हाका मारूनच बोलावलं.

"काय वं गौसियाबाई, आमचा धूर कोनाले विचारून बंद केला?"

"जमातीनं केला, बाई."

"मजारीवर असन तवापर्यंत जमातीचा. बाजारात आला का तो आमचा. काऊन जी इस्तारीभाऊ?"

इस्तारी ढिवर शेजारीच मासे घेऊन बसला होता. "तं काय! मागच्या गुरवारपासून ही रोहू डोरे वटारून मलेच पाहून राह्यली. गिऱ्हाईक नाई फिरकलं. आता आमाले धूर कोन देईन?"

त्या दिवशी सकाळीच गौसिया ग्रामपंचायतीत जाऊन आली होती. डासांची तक्रार केली होती, आणि तक्रार शंभर टक्के खरी होती. पंचायतीचा शिपाई दसरू याच्या खुर्चीमागं धूर फवारायची मशीन धूळ खात पडलेली तिला दिसली. "बिघडली काय हे?" तिनं विचारलं. दसरू म्हणाला, "बिघडली नाई. कोनी चालू कर म्हनलं नाई म्हनून बंद आहे." सरपंच गुणवंतराव आत बसले होते, ते तिथूनच म्हणाले, "कर चालू." मग गौसियानं दसरूला आपली गरीब सूचना केली : गुरुवारी दिवस कलताना फिरव, बाजारात सगळी माणसं असतात. आणि मोहापासून सुरू कर, डास तिथूनच येतात.

म्हणून इस्तारीनं विचारलं तेव्हा तिनं खरं तेच सांगितलं. "आता धूर पंचायत देनार आहे."

"पंचायत?" सुगंधाबाईचा झारा हवेतच राहिला. "म्हंजे योजनेत घेतला काय?"

आता इथं नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही हा शब्द गौसियाच्या ओठापर्यंत आलाही. ओठावर बसला, इकडं तिकडं पाहिलं आणि परत आत गेला.

"मले काय समजते, बाई? येत्या गुरवारी मशीन येनार आहे, तेवढंच मालूम आहे."

संध्याकाळपर्यंत गावात झालं : सरकारनं लोबान योजना काढली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झालं : बायांना पूर्ण धूर, माणसांना अर्धा. हल्ली जे बंद पडतं ते योजनेत जातं आणि जे योजनेत जातं ते मशीननं येतं, त्यात कोणाला नवल वाटलं नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत इस्तारीनं आधार कार्डाची झेरॉक्स काढून माशांच्या टोपलीत ठेवली होती. ओली होऊ नये म्हणून रोहूच्या पोटाखाली.

गुरुवारी दसरूनं मशीन खांद्याला अडकवली आणि मोहाखाली दोरी ओढली. भर्रर्र! पांढराफेक धूर सुटला. दसरू बाजारात शिरला तर बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या, माणसं टोप्या काढून उभी. सुगंधाबाई पुढं वाकली आणि तळव्यांनी धूर तोंडावर घेतला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

"कडक आहे, माय!" ती खोकत म्हणाली.

"सरकारी आहे ना," इस्तारी म्हणाला आणि झेरॉक्स पुढं केली.

"अरे बाजूले व्हा! औषध आहे ते!" दसरू ओरडला.

"औषधच तं पाह्यजे!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि रांग आणखी लांबली.

या दसरूनं उभ्या जन्मात सभेला पाणी दिलं, साहेबाला चहा दिला, झेंड्याची दोरी सोडवली. त्याच्यासाठी आजवर कोणी वाटेतून सायकल बाजूला घेतली नव्हती. आता सगळा बाजार त्याच्यापुढं वाकत होता. पहिल्या पाच दुकानांपर्यंत तो औषध औषध ओरडला. सहाव्या दुकानात कोणीतरी मशीनच्या नळीला नारळ बांधला, तेव्हा त्याचा आवाज जरा खाली आला. दहाव्या दुकानात तो मान हलवू लागला.

गौसिया मोहाच्या आडून पाहत होती. हसू आवरेना म्हणून तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. तिचा हिशेब साधा होता : लोक दोन गुरुवार हा कडू धूर खातील, खोकतील आणि जमातीच्या दारात जाऊन म्हणतील, आमचा लोबान आमाले वापस द्या.

पण लोकांना मशीन आवडली. धूर दुप्पट, आवाज चौपट, आणि डास खरोखरच पळाले. पुढच्या गुरुवारी दसरू आंघोळ करून, डोळ्यांत काजळ घालून आणि गळ्यात हिरवा दुपट्टा टाकून आला. त्याला आता मशीनबाबा म्हणत होते. मुलचेऱ्याच्या बाजूच्या बंगाली वस्तीतली माणसं बाजाराला आली होती, त्यांनी मशीनला लाल जास्वंद वाहिली. रज्जाक सेठ मशिदीच्या पायरीवरून म्हणाले, "चला, फेरीची कटकटच मिटली. आता ब्रह्मपुरीचा मुजावर नुसती मजार पाहीन." आणि मुजावराला निरोपही धाडला.

गौसिया घरी आली ती तोंड पाडून. मदार शहांनी खाटेवरून सगळं ऐकलंच होतं. मशीनचा आवाज नदीपलीकडं जात होता, त्यांना काय जाणार नाही?

"किसने भेजी वो मशीन?" त्यांनी विचारलं.

गौसिया धुपदानातली राख उकरू लागली.

"वाह बेटी. दुश्मन नहीं था तो पंचायत से मँगवा लिया." आणि म्हातारा इतका हसला की मोडका पाय दुखला, मग कण्हत कण्हत हसला. गौसियाला मात्र आता हसू येत नव्हतं. स्वतःच पाठवलेल्या मशीननं तिची जागा घेतली होती.

दुसऱ्या दिवशी तौसीफ आला. तोंडाला रुमाल, डोळे लाल. "आपा, हे लोक मरतीन! डास मारायचं औषध आहे ते, नाका-तोंडात घेऊन राह्यले. मी बाजारात उभा राहून सांगतलं, तं सुगंधाबाई मले म्हनते, तू सरकारच्या विरोधात आहेस काय? तुमी सांगा. तुमचं आयकतीन."

"मी कोन सांगनारी? माया हातात काय आहे?"

"आपा!"

"तुलेच धूर नोको होता ना बाबू. बंद झाला. आता मशीन आहे, तिच्यात कुठी मुजावर, कुठी मजार?"

तौसीफनं कपाळावर हात मारला. "मशीनलेच मुरादी मागून राह्यले लोक! काल इस्तारी त्या नळीत तोंड घालून बायकोचं भांडन सांगत होता. याच्यापेक्षा तुमचा लोबान परवडला. किमान त्यानं फेफडे तं नाई जरत."

"हे सेठपुढं म्हनशीन?"

तौसीफ थांबला. तो खरा माणूस होता, म्हणून त्याला वेळ लागला. "मी धूर घेनार नाई," तो शेवटी म्हणाला. "माझ्या मनाले नाई पटत, नाई पटनार. पन तुमाले अडवनारही नाई. तुमच्या हातानं लोक सरळ उभे राहत असतीन तं घ्या धुपदान. सेठले तसंच सांगतो."

त्यानं सांगितलं. सेठनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू धुराचा शत्रू, तूच आता धुराची वकिली करतं? अन् ते पन बाईच्या हातानं? नाई म्हंजे नाई. मुजावर पुढच्या शुक्रवारी येऊन राह्यला. खोली रिकामी कराले सांग."

आला तो गुरुवार. खोलीतलं सामान गौसियानं निम्मं बांधलं होतं. मदार शहा म्हणाले, "जा, शेवटचा बाजार पाहून ये." ती जाऊन सुगंधाबाईच्या बाकावर चहा घेऊन बसली. तौसीफ तिथंच दसरूशी हुज्जत घालत होता, पण मशीन एवढी भर्र भर्र करत होती की त्याचं फक्त तोंड हलताना दिसत होतं. भाविकांची रांग संपता संपत नव्हती. प्रत्येकाला वाटायचं आपल्यावर जरा जास्त वेळ धूर धरावा, आणि मशीनबाबाही आता कोणाला नाही म्हणत नव्हता.

रांग सरली, तसे भज्यांच्या ताडपत्रीमागून रज्जाक सेठ आले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. बाकावर पाठमोरी कोण बसलीय हे काही त्यांना दिसलं नाही. ते मशीनपुढं जाऊन वाकले आणि पांढऱ्या टोपीवर रुमाल टाकून काहीतरी पुटपुटले.

गौसियाचा चहा ओठाशीच राहिला. अब्बांच्या फेरीत सेठ दर गुरुवारी धूर घ्यायचे, हे तिनं पाहिलं होतं. काय मागतात ते अब्बांनी कधी सांगितलं नव्हतं. आज मशीनजवळही मागतात म्हणजे मागणं भारीच नडीचं असणार.

पण मशीनपुढं पुटपुटून काय होणार? दसरूनं कानाला हात लावला. "जोरात बोला सेठ! काई आयकू येऊन नाई राह्यलं!"

"तुले आयकायचं काय काम? बाबा आयकतीन!"

"मलेच आयकू येत नाई तं बाबाले कसं येईन? ते तं मोहाखाली आहे! जोरात बोला!"

हा मुद्दा सेठला पटला असावा. त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि गिरणीवर हमालांना हाक मारतात त्या आवाजात सुरुवात केली. "झाडशा बाबा! निलोफरले!"

"कोनाले?"

"निलोफरले! माया सुनेले!"

आणि तेवढ्यात मशीननं एक उचकी दिली, भर्र केलं, फुस्स केलं आणि बंद पडली. इतक्या लोकांवर इतका वेळ धूर धरल्यावर पेट्रोल कुठून उरणार? पण सेठचा श्वास भरलेला होता, शब्द निघालेले होते, ते आता थांबतात थोडे. एकदम शांत झालेल्या बाजारात, माशांपासून मिरच्यांपर्यंत, सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं :

"पोलीस भरतीत लागू दे! अन् धावताना तिचा पाय नोको दुखू देऊ!"

धूर हळूहळू खाली बसला. त्यातून आधी सेठची टोपी दिसली, मग सेठ. रज्जाक सेठची सून माहेरी वडशाला बाळंतपणाला गेली आहे, असं सेठच्याच घरातून सगळ्या गावाला सांगितलेलं होतं.

सुगंधाबाईनं झारा कढईच्या काठावर ठेवला. "सेठ," तिनं अगदी मायेनं विचारलं, "मंग डिलिव्हरी झाली काय जी?"

बाजार फुटला. इस्तारी हसता हसता टोपलीवर पडला आणि दोन मासे रस्त्यावर आले. सेठ बाकावर बसायला वळले, तर बाकावर गौसिया. त्यांनी तिला पाहिलं आणि त्यांचा उरलासुरला रंगही गेला.

"गडचिरोलीले आहे ते," सेठ जमिनीकडं पाहत म्हणाले. "तिथी मैदानावर सराव करते. सोमवारी परीक्षा आहे. बारावीपासून तिले वर्दीचं येड. पोरगा म्हने, अब्बा, जाऊ द्या. आधी गिरणीच्या आवारातच धावत होती, पहाटेले. मी... मी घड्याळ धरत होतो."

"तुमी घड्याळ धरत होते?" तौसीफ ओरडला.

"तं कोन धरन? तिच्या सासूले काटा नाई समजत." सेठच्या आवाजात नको तिथं अभिमान आला, तो त्यांनी गिळला. "पन सांगू कसं? जमात काय म्हनन?"

गौसियानं चहाचा कप खाली ठेवला. "जमातीचे सदर कोन आहे, सेठ?"

"मी."

"मंग इतके महिने तुमी सदरले भेऊन राह्यले होते काय?"

सेठ आठवू लागले, आपण नक्की कोणाला घाबरत होतो. तौसीफनं त्यांच्या शेजारी बसून हळूच विचारलं, "सून धावली तं चालते सेठ, मंग आपा नुसती चालली तं काऊन नाई चालत?" मग हसून उठला आणि दसरूच्या खांद्यावरची मशीन उतरवू लागला.

सेठ टोपीवरच्या रुमालाची घडी करू लागले. सोमवार जवळ आला होता. मशीनमध्ये पेट्रोल नव्हतं. मागणं अर्धं बाजारात सांडलं होतं, अर्धं अजून पोटात होतं. त्यात ज्याचं त्याचं तोंड आपल्याकडं.

"जा," ते शेवटी म्हणाले. "आन धुपदान."

"अन् उद्याचा मुजावर?"

"फोन करतो त्याले. त्याच्या गावातही मजारी आहे." मग सदरपण पुन्हा अंगात आलं. "पन एक आयक. बाई मानूस एकटी बाजारात फिरन, ते बरं नाई दिसत. मागून कोनी तरी मानूस पाह्यजे."

"बराबर आहे," गौसिया म्हणाली. "मंग तुमीच या."

"मी?"

"जमातीत तुमच्याहून जबाबदार कोन आहे? लोबानाची पिशवी धरा, मायाच्यानं एका हातानं होनार नाई."

सेठनं तोंड उघडलं, पण तोवर ती निघालीही होती. मदार शहांनी खाटेवरूनच निखारे फुलवून ठेवले होते. सेठचा आवाज पेट्रोलशिवायही मोहापर्यंत पोचला होता. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त खुंटीवरच्या आपल्या हिरव्या चोग्याकडं बोट दाखवलं. गौसियानं तो घातला. पायात येत होता, तो तिनं ब्लाउजला मारतात तशा दोन टाक्यांनी तिथंच वर घेतला, आणि निघाली.

बाजारात आधी भांडणच लागलं. सुगंधाबाईचं म्हणणं पहिला धूर कढईला, इस्तारीचं म्हणणं रोहू जास्त दिवस वाट पाहून राह्यली. दसरू रिकाम्या खांद्यानं रांगेत उभा होता आणि आपल्याला ओळखीचा म्हणून पुढं सोडतील या आशेवर होता. गौसियाला यातलं एकालाही उत्तर देता येत नव्हतं, रिवाज रिवाज असतो. तिनं चिमूट सोडली. लोबान आणि सालईचा गोड जड वास उठला, आणि तो कढईपर्यंत जायचा तर तिच्यामागून तिच्या दुप्पट रुंद सावली मधे आली. रज्जाक सेठ पिशवी छातीशी धरून, मान पुढं काढून, आपली पाळी कधी येते ते पाहत होते.

"सेठ, सरका ना जरा बाजूले," इस्तारी ओरडला. "वारा अडून राह्यला!"

सेठ सरकले.